आधी दादरला जा, मग बघू!

लॅपटॉपवर रील्स झकास चालताहेत. त्याच लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल बॉक्समध्ये उबुंटू टाकलंय, तेही सुरू झालंय, वॉलपेपर दिसतोय. फक्त आतला ब्राउझर उघडला की नुसतं गोल गोल फिरतंय. ‘अरे, पिंग होत नाहीये!’ बीसीए, बीएस्सी आयटी, कम्प्युटर इंजिनीअरिंग, सायबर सिक्युरिटीचा कोर्स... कुठल्याही लॅबमध्ये सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात डोकावा, हे वाक्य कानावर पडणारच. पुढचं नाटकही ठरलेलं असतं. कुणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नॅट’चं ‘ब्रिज्ड’ करतं, मग परत ‘नॅट’ करतं, मशिन तीनदा रीस्टार्ट होतं, कुठून तरी आणलेली एक कमांड पेस्ट होते आणि कधीतरी नेट सुरू होतं. का सुरू झालं, ते कुणालाच माहीत नसतं. जर्नलवर सही होते, विषय संपतो.

गंमत म्हणजे वर्षभराने प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूमध्ये हाच विषय कपडे बदलून समोर येतो. ‘प्रायव्हेट सबनेटमधल्या सर्व्हरला इंटरनेट कसं द्याल?’ क्लाउडच्या जॉबसाठी गेलेल्यांना हा प्रश्न नवा नाही. आणि लॅबमध्ये ज्याने नुसतं नॅट-ब्रिज्ड-नॅट केलं, तो तिथे गप्प बसतो.

मी स्वतः मास कॉमची. आमच्याकडे गेटवे म्हटलं की थेट गेटवे ऑफ इंडिया. त्यामुळे आयटीवाल्या मित्रमैत्रिणींना चहा पाजून, त्यांच्या लॅपटॉपवर तासन् तास बसून हे प्रकरण समजून घेतलं. ते वाटतं तेवढं भयंकर नाहीये. उलट, मुंबईच्या लोकलने फिरणाऱ्याला ते अर्धं आधीच येतं.

रूटिंग टेबल म्हणजे लोकलचा नकाशा

व्हर्च्युअल मशिन म्हणजे कम्प्युटरच्या आतला खोटा कम्प्युटर. कल्पना नवी नाही, आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम/३७० बाजारात आणलं होतं. आपल्या लॅपटॉपपर्यंत ती यायला व्हीएमवेअर (स्थापना १९९८) आणि व्हर्च्युअल बॉक्स (२००७ पासून ओपन सोर्स, सध्या ओरॅकलकडे) उजाडावं लागलं. या खोट्या कम्प्युटरला प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क मिळते, तसंच एक खोटं नेटवर्क कार्डही मिळतं. त्या कार्डाची वायर कुठे जोडायची, एवढाच आपला प्रश्न.

आता दादर. तुम्ही बोरिवलीला राहता आणि ठाण्याला जायचंय. थेट गाडी नाही. मग कुणालाही विचारा, उत्तर एकच: आधी दादरला जा, तिथून सेंट्रलची गाडी पकड. कल्याणला जायचंय? दादर. डोंबिवली? दादर. ‘जिथला रस्ता मला माहीत नाही, तिथे जायला आधी इथे ये’ असं सांगणारी जागा म्हणजे डीफॉल्ट गेटवे. (पुणेकरांनी इथे मनातल्या मनात स्वारगेट वाचावं.)

पण अंधेरीहून वाशीला जाणारा दादरला कशाला उतरेल? त्याला पनवेलची हार्बर लोकल थेट मिळते. म्हणजे नेमका रस्ता माहीत असेल तर तो पकडायचा, नसेल तरच दादर. कम्प्युटर अगदी हेच करतो. त्याच्याकडे एक छोटं टेबल असतं. लिनक्समध्ये ‘आयपी रूट’ टाइप केलं की ते दिसतं. त्यातली जी ओळ पत्त्याशी सगळ्यात नेमकी जुळते, ती जिंकते. कुठलीच नाही जुळली, तर ‘डीफॉल्ट’ लिहिलेली ओळ.

यात एक बारीक अट आहे आणि निम्मे घोळ तिथेच होतात. गेटवे हा तुमच्याच नेटवर्कमध्ये असावा लागतो. तुमचा पत्ता १९२.१६८.५०.१० स्लॅश २४ असेल, तर पहिले तीन आकडे सारखे असणारे सगळे तुमच्या सोसायटीतले. गेटवे म्हणून १९२.१६८.१.१ लिहिलं तर मशिन म्हणणार, हा माणूस आमच्या सोसायटीतलाच नाही, याच्यापर्यंत पोचू कसा? दादरला जायचं खरं, पण आधी बोरिवली स्टेशनपर्यंत तर चालत जाता आलं पाहिजे ना.

सगळ्यांचा पत्ता १०.०.२.१५ कसा?

व्हर्च्युअल बॉक्समध्ये नवं मशिन बनवलं की त्याचं कार्ड आपोआप ‘नॅट’वर असतं. आणि आत बघाल तर पत्ता बहुतेक वेळा १०.०.२.१५, गेटवे १०.०.२.२, डीएनएस सर्व्हर १०.०.२.३. तुमच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही तेच. वर्गातल्या साठ जणांकडे तेच. इतकंच काय, तुमच्याच लॅपटॉपवर दोन मशिन्स सुरू केलीत तर दोघांचाही पत्ता १०.०.२.१५!

मग भांडण होत नाही? नाही, कारण प्रत्येक मशिन आपापल्या वेगळ्या खोलीत बंद आहे. १०.०.२.२ हा खरा राउटर नसून व्हर्च्युअल बॉक्सनेच उभा केलेला वॉचमन आहे. होस्टेलचा वॉचमन आठवा. तुमच्या रूमचा पत्ता बाहेरच्या जगाला माहीत नसतो, पार्सल होस्टेलच्या नावाने येतं, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद असते की हे कुणी मागवलंय, आणि तो ते बरोब्बर त्या रूमला देतो. नॅट हेच करतं. पण तुम्ही काही मागवलंच नसेल आणि बाहेरचा कुणी थेट आत शिरू पाहत असेल, तर वॉचमन त्याला हाकलतो. म्हणून नॅटवरच्या मशिनला बाहेरचं जग दिसतं, पण लॅपटॉपच्या ब्राउझरमधून त्या मशिनवरची वेबसाइट उघडत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, म्हणजे वॉचमनला आधीच सांगून ठेवायचं की अमुक नंबरवर कुणी आलं की वर पाठव.

‘माझी दोन मशिन्स एकमेकांना पिंग का करत नाहीत?’ या लोकप्रिय प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. साध्या नॅटमध्ये दोन खोल्यांमध्ये दारच नाही. दार हवं असेल तर ‘नॅट नेटवर्क’ नावाचा वेगळा पर्याय आहे. नावं इतकी सारखी ठेवण्याची आयडिया कुणाची होती देव जाणे.

बाकीचे पर्याय पटापट. ‘ब्रिज्ड’ म्हणजे तुमचं मशिन थेट घरच्या राउटरला जोडलं जातं, त्याला लॅपटॉपसारखाच स्वतंत्र पत्ता मिळतो. ‘होस्ट-ओन्ली’ म्हणजे फक्त लॅपटॉप आणि मशिन यांच्यातली खासगी लाइन. तिथे लॅपटॉपचा पत्ता सहसा १९२.१६८.५६.१ असतो आणि बाहेर जायला रस्ताच नसतो. ‘इंटर्नल’मध्ये तर लॅपटॉपलाही प्रवेश नाही, फक्त मशिन्स आपापसात.

होस्ट-ओन्लीला रस्ता नसतो, हे लक्षात न राहिल्याने एक खास घोळ होतो. मशिनला दोन कार्डं दिलेली असतात: पहिलं नॅट, दुसरं होस्ट-ओन्ली. कल्पना उत्तम, पहिल्याने नेट मिळेल, दुसऱ्याने लॅपटॉपवरून लॉगिन करता येईल. मग दुसऱ्या कार्डाची सेटिंग भरताना ‘गेटवे’ असा रिकामा रकाना दिसतो. रिकामा रकाना दिसला की तो भरायचाच, ही आपली दहावीच्या फॉर्मपासूनची सवय. तिथे १९२.१६८.५६.१ टाकलं जातं. आता टेबलमध्ये दोन ‘डीफॉल्ट’ ओळी आल्या. एक म्हणते दादरला जा, दुसरी म्हणते माझ्याकडे ये. लिनक्स ज्या ओळीचं ‘मेट्रिक’ कमी, तिचं ऐकतं, आणि ती दुसरी निघाली तर सगळा ट्रॅफिक अशा स्टेशनवर जातो जिथून पुढे गाडीच नाही. पत्ते दोन्ही बरोबर, कार्डं दोन्ही चालू, नेट बंद. उपाय म्हणजे तो रकाना रिकामाच सोडायचा. कार्डं कितीही असू देत, साध्या लॅबमध्ये डीफॉल्ट गेटवे एकच.

एका मशिनने मजला बसवला

‘ब्रिज्ड कर, चालेल’ हा सल्ला लॅबमध्ये सर्रास दिला जातो. घरच्या वाय-फायवर बऱ्याचदा चालतंही. होस्टेल आणि कॉलेजच्या नेटवर्कवर मात्र तो सल्ला देणाऱ्याला जरा थांबवायला हवं. एक तर अनेक कॅम्पसमध्ये लॅपटॉपचा मॅक अॅड्रेस नोंदवलेला असतो. ब्रिज्ड मशिन स्वतःचा नवाच मॅक घेऊन येतं, नेटवर्क त्याला ओळखत नाही आणि पत्ताच देत नाही. ही झाली निरुपद्रवी अडचण.

उपद्रवी प्रकार माझ्या एका मित्राच्या होस्टेलमध्ये घडला. प्रॅक्टिकल होतं ‘डीएचसीपी सर्व्हर कॉन्फिगर करणे’. डीएचसीपी म्हणजे नव्याने आलेल्या प्रत्येक कम्प्युटरला पत्ता आणि गेटवे वाटणारा कारकून. शेजारच्या रूममधल्या मुलाने तो आपल्या व्हर्च्युअल मशिनमध्ये उभा केला, रूममधली लॅनची वायर लावली होती आणि कार्ड होतं ब्रिज्ड. म्हणजे हा हौशी कारकून थेट होस्टेलच्या नेटवर्कवर जाऊन बसला. कम्प्युटर ‘मला पत्ता द्या’ असं ओरडतो तेव्हा जो आधी उत्तर देईल त्याचं तो साधारण ऐकतो. शेजारच्या रूममधलं मशिन होस्टेलच्या सर्व्हरपेक्षा चपळ निघालं. एकेक करत मजल्यावरच्या लॅपटॉप्सना या मशिनने पत्ते वाटले, आणि गेटवे म्हणून स्वतःचंच नाव सांगितलं. ते मशिन कुणाचंही पॅकेट पुढे ढकलत नव्हतं. मजल्याचं नेट गेलं, तेही सबमिशनच्या आदल्या रात्री. मुलगा जेवायला जाताना लॅपटॉप बंद करून गेला, तरीही नेट आलं नाही, कारण वाटलेले पत्ते आणि चुकीचा गेटवे लीज संपेपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये तसेच राहिले. वॉर्डन, रिंगमास्टर सगळ्या शंका सर्व्हिस प्रोव्हायडरवर. शेवटी कुणीतरी ‘आयपी रूट’ बघून गेटवेचा पत्ता ओळखीचा नाही हे पकडलं.

चांगल्या स्विचमध्ये हा प्रकार रोखायची सोय असते, ती सगळीकडे सुरू असतेच असं नाही. त्यामुळे डीएचसीपीचं प्रॅक्टिकल करायचं ते इंटर्नल नेटवर्कवरच. तिथे कितीही गोंधळ घाला.

सायबर सिक्युरिटीवाल्यांसाठी तर हा नियम आणखी कडक आहे. सरावासाठी मेटास्प्लॉइटेबल नावाचं मशिन वापरतात. ते मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं आहे, त्याचा पासवर्डही जगजाहीर आहे, आणि ते खुल्या नेटवर्कवर ठेवू नका असं बनवणारेच बजावतात. ते ब्रिज्डवर टाकून होस्टेलच्या वाय-फायला जोडणं म्हणजे रूमचं दार उघडं टाकून सुट्टीला गावी जाणं. उलट बाजूही आहे: ब्रिज्डवरच्या काली लिनक्समधून स्कॅन सोडला आणि पत्त्यातला एक आकडा चुकला, तर तुम्ही दुसऱ्याच्या कम्प्युटरवर हात टाकलेला असतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ६६ आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘सर, प्रॅक्टिकल करत होतो’ हे तिथे किती चालेल, सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हॅकिंगच्या कोर्समध्ये पहिला आठवडा फक्त नेटवर्क मोड्सचा असावा. पण तो थ्रिलिंग नसतो, आणि थंबनेलवर हुडी घातलेला माणूस जास्त खपतो.

स्वतःचं दादर बांधा

खरी मजा आहे ती स्वतः गेटवे बनवण्यात. दोन मशिन्स घ्या. पहिल्याला दोन कार्डं: एक नॅटवर, दुसरं इंटर्नल नेटवर्कवर. दुसऱ्या मशिनला एकच कार्ड, इंटर्नलवर. पहिल्याच्या आतल्या कार्डाला पत्ता द्या १९२.१६८.५०.१, दुसऱ्या मशिनला १९२.१६८.५०.१०, आणि दुसऱ्याचा गेटवे लिहा १९२.१६८.५०.१. आता दुसऱ्या मशिनमधून गेटवेला पिंग करा. उत्तर येईल. मग ८.८.८.८ ला करा, म्हणजे गुगलच्या डीएनएस सर्व्हरला. शांतता.

कारण लिनक्स मुळात राउटर नाही. दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट त्याच्या दारात पडलं तर ते तो पुढे पाठवत नाही. त्याला तसं सांगावं लागतं, कर्नलमधला ‘आयपी फॉरवर्ड’ नावाचा स्विच शून्यावरून एक करून. बहुतेक जण हे करतात आणि पुन्हा पिंग करतात. पुन्हा शांतता. इथे निम्मे जण लॅपटॉप मिटतात.

खरं तर आता पॅकेट बाहेर जातंय, फक्त त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आहे १९२.१६८.५०.१०. हा पत्ता तुमच्या लॅपटॉपच्या पोटातल्या एका खोलीचा, तो बाहेर कुणाला ठाऊक असणार? १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते हे १९९६ पासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेत. जगात लाखो घरांत तेच पत्ते आहेत. पत्र पोचलं तरी उत्तर पाठवायचं कुठे? जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पिंग यशस्वी व्हायला दोन्ही लागतात. हे एकदा डोक्यात बसलं की रूटिंगची भीती निम्मी होते.

यावर दोन उपाय. एक म्हणजे पुढच्या राउटरला सांगायचं की ५० वाल्या नेटवर्कला जायचं असेल तर माझ्याकडे ये. त्याला स्टॅटिक रूट म्हणतात, आणि सगळे राउटर तुमचेच असतील तर तो छान. दुसरा म्हणजे गेटवे मशिनलाही वॉचमन करायचं. आयपी टेबल्समध्ये ‘मास्करेड’ नावाचा नियम आहे, म्हणजे शब्दशः मुखवटा. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर गेटवे स्वतःचा पत्ता चढवतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि उत्तर आलं की आत पोचवतो. हा नियम बाहेरच्या, म्हणजे नॅटवरच्या कार्डावर लावायचा. आतल्या कार्डावर लावला तर काही होत नाही, आणि घाईत तेच होतं. नियम बसला की ८.८.८.८ बोलायला लागतं. तरीही वेबसाइट नावाने उघडत नसेल तर दोष रूटिंगचा नाही, डीएनएसचा.

कुठे अडलंय हे ओळखायला ‘टीसीपीडम्प’ लावून गेटवेच्या दोन्ही कार्डांवर बघत बसा. आतल्या कार्डावर पॅकेट दिसतंय, बाहेरच्यावर नाही, तर फॉरवर्डिंग बंद आहे (किंवा फायरवॉल अडवतेय). बाहेरच्यावर दिसतंय पण पत्ता ५०.१० च आहे, तर मुखवटा चढलेला नाही. अंदाजपंचे रीस्टार्ट करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

हेच, फक्त भाड्याने

अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड रीजन सुरू केलं, गुगलने २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्टचं सेंट्रल इंडिया रीजन २०१५ पासून पुण्यात आहे. म्हणजे क्लाउड आपल्या शेजारीच आहे, आणि आतून तो वरच्या लॅबचाच मोठा भाऊ. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये सबनेट ‘पब्लिक’ कशामुळे होतं? त्याच्या रूट टेबलमध्ये ०.०.०.०/० ची ओळ इंटरनेट गेटवेकडे जाते, बस. ‘प्रायव्हेट’ सबनेटला बाहेर जायचं असेल तर तीच ओळ नॅट गेटवेकडे वळवतात. ०.०.०.०/० म्हणजे ‘बाकी सगळं’, आपलं दादर. एखाद्या साध्या सर्व्हरलाच नॅट बनवायचं असेल तर तिथे ‘सोर्स-डेस्टिनेशन चेक’ नावाची तपासणी बंद करावी लागते. कारण? दुसऱ्याच्या नावाचं पॅकेट पुढे ढकलायला क्लाउडही सहज तयार होत नाही. लॅबमधला तोच स्विच.

फरक एकच, इथे मीटर पडतं. नॅट गेटवेतून एकही बाइट गेला नाही तरी त्याचे तासाप्रमाणे पैसे लागतात, डेटाचे वेगळे. प्रोजेक्टसाठी बनवून विसरलेला नॅट गेटवे घरच्यांच्या कार्डावर महिनाभर चालत राहतो. प्रॅक्टिस संपली की तो डिलीट करायचा.

मोठ्यांचंही रूटिंगवाचून अडतं बरं का. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास आपलं व्हॉट्सअॅप, इन्स्टा, फेसबुक एकदम गेलं आणि जवळपास सहा तास आलं नाही. मेन्टेनन्सच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, मग तिच्या डीएनएस सर्व्हर्सपर्यंत जायचे रस्तेच जगाच्या रूटिंग टेबल्समधून मागे घेतले गेले. सर्व्हर जागेवर होते, तिथपर्यंत जाणारा रस्ता नव्हता.

परत लॅपटॉपवर येऊ. दोन गोष्टी परीक्षेच्या आधी बघाच. कमांडने टाकलेला रूट, फॉरवर्डिंगचा स्विच आणि मास्करेडचा नियम हे तिन्ही रीबूट झालं की उडतात. ते टिकवायला फाइलमध्ये लिहावे लागतात. उबुंटूमध्ये पत्ते आणि रूट नेटप्लॅनच्या फाइलमध्ये जातात, जिथे एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी रुसवा, आणि जुन्या ट्युटोरियलमधलं ‘गेटवे-फोर’ आता कालबाह्य आहे. दुसरी गोष्ट, आतल्या नेटवर्कचा पत्ता घरच्या वाय-फायपेक्षा वेगळा ठेवा. दोन्ही १९२.१६८.१ असतील तर मशिनला कळणारच नाही की शेजारी कुठल्या दारातून गाठायचा. डॉकरवाल्यांनाही हा फटका बसतो: डॉकर स्वतःसाठी १७२.१७ घेतं, आणि कॉलेजचं नेटवर्कही तेच वापरत असेल तर डॉकर टाकल्या दिवसापासून कॉलेजचं पोर्टल उघडत नाही. विद्यार्थी पोर्टलला शिव्या देत बसतो.

‘माझ्या लॅपटॉपला चारच जीबी रॅम आहे’ ही सबबही फार चालणार नाही. उबुंटू डेस्कटॉपऐवजी अल्पाइन लिनक्स घ्या. त्याला २५६ एमबी रॅम दिली तरी राउटरचं काम आरामात करतं, म्हणजे तीन-चार मशिन्स सहज मावतात. आणि लॅपटॉपवर लिनक्सच असेल तर व्हर्च्युअल मशिनचीही गरज नाही. ‘आयपी नेटएनएस’ या कमांडने नेटवर्क नेमस्पेस तयार होतात, प्रत्येकीचं स्वतःचं वेगळं रूटिंग टेबल असतं, आणि चुकलं तर एका ओळीत पुसून पुन्हा सुरुवात करता येते.